पिऊचा डावा डोळा

जगदेवीकाकूचा फोन आला तेव्हा मी दुकानात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला वेल्डिंग मारत होतो. तोंडावरची काच वर सरकवली, फोन कानाला लावला आणि पहिल्याच वाक्याला माझं टाळकं सरकलं.

"गौरीशंकर, सोमवारी पिऊचं जावळ काढायचंय. मामाची मांडी लागती म्हणून तुला सांगायलेय. तू ये. तुझ्या मायला आणू नको."

"का आणू नको?"

"तिचा हात लेकराच्या डोक्याला परत लागायला नको."

म्या काय उत्तर दिलं ते सांगण्यासारखं न्हाय. ट्रॉलीचा मालक तिथंच बसला होता, तो उठून बाहेर जाऊन उभा राहिला, एवढं सांगतो.

ही जगदेवीकाकू म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची, शिवलीलाची सासू. बेंबळीत त्यांचं किराणा दुकान, मागं आडत, वर गच्चीवर पिंडीच्या आकाराची पाण्याची टाकी. पैशाला कमी न्हाय आणि अकडीला तर अजिबातच न्हाय. सासरा महांतप्पा. त्या माणसाची डावी भुवई कायम वर चढलेली असती. गिऱ्हाईक असू दे, सोयरा असू दे, नायतर देव असू दे, बघायचं ते भुवई चढवूनच. बेंबळीत लोक म्हणत्यात, शेठ भुवईवरच भाव ठरवतो. आणि घरच्यांना त्याचं काय कौतिक! शिवलीलाच्या लग्नात फोटोवाल्यानं म्हणलं, शेठ, भुवई जरा खाली घ्या, तर काकू त्याच्या अंगावरच गेली. "आमच्या घराण्याची भुवई हाय ती. तशीच येऊ दे."

पिऊ, म्हणजे शिवप्रिया, जन्मली आमच्याकडं सास्तूरला. पहिलं बाळंतपण माहेरी, ते सगळीकडंच असतं. जन्मली तीच कपाळाला डावीकडनं चपटी. त्या बाजूची भुवई वर, डोळा दुसऱ्यापेक्षा उघडा, नाक जरासं वाकडं. सासरचे बघायला आले. काकूनं कुंची वर केली, बघितलं आणि भरल्या घरात म्हणली, "एका कुशीवर झोपवून झोपवून पोरीचं कपाळ चेपलं की हो तुमी."

माझी माय भुवनेश्वरी. आमच्या आळीतली निम्मी लेकरं तिच्या पायावर न्हाऊन मोठी झाली. पायावर लेकरू घेतलं की रडणारं बी गप्प व्हायचं. ती काकूपुढं एक शब्द बोलली न्हाय. दुसऱ्या दिवशीच मोहरीची उशी शिवली, कोमट तेल लावून कपाळ गोल करायला बसली. सकाळी चोळायची, संध्याकाळी चोळायची. कपाळ काय हललं न्हाय. मग काकू म्हणायला लागली, आधी एका कुशीवर झोपवलं आणि मग जड हातानं चोळून चोळून हाड बसवलं. हे तिनं सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांत सांगितलं. त्यानंतर मायनं कुणाच्या लेकराला पायावर घेतलं न्हाय. बायका बोलवायला यायच्या, ही आतनंच सांगायची, कंबर धरलीय म्हणून. कंबरेला काय बी झालं न्हव्हतं.

पुण्याला न्यायचं शिवपुत्र दाजीनं ठरवलं, हे त्याचं खरं. दाजी माणूस वाईट न्हाय. बापापुढं त्याची जीभ टाळूला चिकटती, एवढंच. पुण्यातल्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरानं फोटो काढले आणि आमाला समोर बसवून समजावलं. जन्मताना लेकराच्या कवटीची हाडं सुटी असत्यात, मधी शिवणी असत्यात. मेंदू वाढतो तशी हाडं सरकत्यात आणि डोकं गोल होतं. पिऊची डावीकडची शिवण पोटातच जुळून गेली होती. मला हे लगेच कळलं. जो सांधा ढिला ठेवायचा तोच आधी पक्का केला की सगळा सांगाडा एका अंगाला ओढतो, आमच्या धंद्यात हे रोजचं हाय.

माय कोपऱ्यात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावून विचारलं, "साहेब, माझ्या हातानं झालं का हे?"

डॉक्टर म्हणले, "नाही आजी. कुणाच्याच हातानं होत नाही हे. ती घेऊनच आली."

माय तिथंच खाली बसली आणि रडली. दाजीनं हे कानानं ऐकलं. म्या ऐकलं. मग डॉक्टरानं विचारलं, घरात आणखी कुणाचं कपाळ असं आहे का, भुवई अशी वर? कधीकधी रक्तातनं येतं. म्या दाजीकडं बघितलं. दाजी फरशीकडं बघत होता.

"दाजी, सांगा की," म्हणलं.

"न्हाय, कुणाचं न्हाय," म्हणला.

मला तिथंच त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली. पण पोरीला आत न्यायचं होतं, गप्प बसलो.

ऑपरेशन ती वर्षाची व्हायच्या आत झालं. एका कानापासनं दुसऱ्या कानापर्यंत वरनं चिरलं, कपाळाचं हाड काढलं, नीट वळवलं, परत बसवलं. केसांचा तेवढाच एक पट्टा काढला. जावळ राहिलंय म्हणून शिवलीलानं हात जोडले होते, तर डॉक्टरानं बाकीचे केस ठेवले. बाहेर आणली तेव्हा पोरीचं तोंड असं सुजलेलं की डोळेच दिसंनात. शिवलीला भिंतीला डोकं टेकून उभी राहिली आणि म्हणली, "दादा, हे काय करून घेतलं आमी?" मग सूज उतरली. डोळे उघडले. आणि कपाळ गोल! भुवया एका रेषेत, जरासा फरक, तो बी शोधला तर. मी पोरीला खिडकीपाशी नेऊन उजेडात बघितलं आणि मला हसावं का रडावं कळंना.

घरी सोडताना डॉक्टरानं बजावून सांगितलं. डोक्याचं काम झालं, आता डोळा सांभाळा. ह्या आजारात बऱ्याच लेकरांची नजर फिरती. एक डोळा मागं पडतो आणि मेंदू त्याच्याकडनं बघणंच बंद करतो. वरनं डोळा चांगला दिसतो, पण दिसत काय न्हाय. म्हणून काही महिन्यांनी डोळ्याच्या डॉक्टराकडं न्यायचंच. डोक्याच्या आत दाब वाढलाय का ते बी डोळ्यातनंच कळतं. लहानपणी धरलं तर डोळा परत येतो, मोठं झाल्यावर कुणाच्या बापाला येत न्हाय. शेवटचं वाक्य माझं हाय, डॉक्टर सभ्य माणूस होते.

बेंबळीत गेल्यावर ह्या लोकांनी काय केलं? गावात सांगितलं, पोरीला निमोनिया झाला होता. डोक्यावर कुंची घातली आणि ती काही काढली न्हाय. उन्हाळ्यात कुंची! शेजारीण म्हणली, काढा की ओ, लेकरू घामेजलंय, तर काकू म्हणली, तिला वारं सोसत न्हाय. सोलापूरला डोळ्याच्या डॉक्टराकडं एकदा नेलं. दुसरी तारीख आली तेव्हा महांतप्पा म्हणला, "बास झालं. सारखं दवाखाना केलं की लोक इचारत्यात. डोकं फाडलेली पोर म्हणून उद्या कोण पत्करणार हिला?"

तारीख गेली. त्यापुढची बी गेली. शिवलीलाचा फोन आला. आवाज बारीक, मागं भांड्यांचा आवाज, न्हाणीत जाऊन बोलत होती.

"दादा, पिऊचा डावा डोळा आत फिरायला लागलाय. मी तिचा उजवा डोळा हातानं झाकला तर हात झटकती, रडती. डावा झाकला तर खुशाल खेळत बसती. डॉक्टरानं मला हेच बघायला सांगितलं होतं."

"मग ने की तिला!"

"सासूबाई म्हणत्यात, चकणी पोर नशीबवान असती."

"आणि दाजी?"

दाजीचं उत्तर मला न सांगता कळलं. बरं, ही रडणारातली न्हाय, शाळेत पोरांना मारून यायची. ती म्हणली, "मी एकटी घेऊन निघाले होते. फाट्यावरनं माघारी आणलं मला. दादा, डोळा जाईल रे तिचा. तू ये आणि काय करायचं ते कर."

तर अशी सगळी कथा, आणि वरनं हा फोन, की मायला आणू नको.

सोमवारी मायला म्हणलं, चांगलं लुगडं नेस. ती म्हणली, "नको रं बाबा, मी काय येत न्हाय. उगं भांडण होईल."

"भांडण व्हायलाच चाललोय मी. नेस."

माझी जुनी बोलेरो काढली. पिऊला कपडे, शिवलीलाला साडी, दाजीला टॉवेल-टोपी, असा मामाचा सगळा आहेर घेतला. कशात कमी म्हणायला जागा ठेवायची न्हव्हती. वाटेत माय एकच बोलली, "तोंड सांभाळ." म्या म्हणलं, बघू.

जावळ त्यांच्या मळ्यातल्या महादेवापुढं होतं. मांडव टाकलेला, भावकी सगळी जमलेली, पंगतीचा भात चुलीवर. जगदेवीकाकूनं मायला गाडीतनं उतरताना बघितलं आणि तिचं तोंड असं झालं जणू कढीत माशी पडली. पण पन्नास माणसांपुढं काय बोलणार? म्हणली, "या." त्या एका 'या'त सगळं आलं.

महांतप्पा देवळाच्या पायरीवर बसला होता, कपाळाला भस्म, डोक्यावर पांढरी टोपी, भुवई जिथल्या तिथं. माझ्याकडं बघितलं न बघितल्यासारखं केलं. म्या हात जोडून शरणार्थ म्हणलं, त्यानं मान हलवली. शेजारी त्याचा थोरला चुलतभाऊ धोंडप्पा, ऐंशीच्या घरातला, अर्धा बहिरा आणि जिभेला हाड नसलेला माणूस.

पूजेला बोलावलेल्या स्वामींनी पूजा उरकली. मी पाटावर मांडी घातली, शिवलीलानं पिऊला आणून बसवलं. कुंचीत कोंबलेली पोर, गाल लाल झालेले. मला बघून हसली. हसताना उजवा डोळा माझ्याकडं, डावा नाकाकडं.

बिभीषण न्हावी वाटीत पाणी घेऊन आला. "मामा, कात्री का वस्तरा?"

काकू मागनं म्हणली, "कात्री. समोरच्या पाच बटा तेवढ्या काढ. कुंची पुरी काढू नको, वर सरकव जराशी. पोरीची जात हाय, टक्कल कशाला?"

"काकू," म्हणलं, "देवाला बोललेलं जावळ असं अर्धं काढत्यात व्हय? स्वामी, तुमीच सांगा. अर्धं चालतंय का?"

स्वामींनी काकूकडं बघितलं, महांतप्पाकडं बघितलं, मग देवाकडं बघितलं. म्हणले, "पुरं काढलेलं बरं."

"पण लेकरू रडंल की!" काकू पुढं आली.

तोवर शिवलीला खाली वाकली. कुणाला काय विचारलं न्हाय. कुंचीची गाठ सोडली, कुंची काढून कमरेला खोचली आणि म्हणली, "काढा बिभीषणकाका. वस्तऱ्यानं."

दाजी मांडवाच्या खांबापाशी उभा होता. तिनं त्याच्याकडं बघितलं बी न्हाय.

बिभीषणचा हात हलका. पाणी लावून पुढनं सुरुवात केली, केस माझ्या मांडीवर पडायला लागले. पिऊ माझ्या शर्टाच्या गुंडीशी खेळत बसली. वस्तरा कानाच्या वर आला आणि थांबला. परत चालला, परत थांबला. डोकं पुरं झालं तेव्हा सगळ्यांना दिसलं. ह्या कानापासनं त्या कानापर्यंत, नागमोडी, पांढरा, बोटाएवढ्या रुंदीचा वण.

भातावरची बाई सुद्धा उलथनं घेऊन बघायला आली. पहिला बोलला तो धोंडप्पा, आणि बहिऱ्या माणसाला हळू बोलता येत न्हाय.

"महांतप्पा, निमोनियाला डोकं उघडत्यात व्हय रं?"

माझं हसू आवरंना. महांतप्पाचं तोंड काळंठिक्कर पडलं. आणि काकू सुटली. माझ्यावर न्हाय. माझ्या मायवर.

"हिनं! ह्या बाईनं केलं हे! लेकरू सहा महिने हिच्या घरी होतं. एका कुशीवर टाकून ठेवलं, डोकं चेपलं, जड हातानं चोळून हाड बसवलं, म्हणून आमाला फाडावं लागलं पोरीचं डोकं! आमी अब्रू झाकत होतो, आमची न्हाय, हिचीच! आणि हिचा लेक आमाला उघडं पाडायला आला!"

भावकीतल्या बायकांनी मायकडं वळून बघितलं. मी उठणारच होतो, पण मांडीवर पोर. तेवढ्यात माय बोलली. माझ्या मायला म्या जन्मात कधी असं बोलताना ऐकलं न्हव्हतं.

"म्या न्हाय केलं," ती म्हणली. "पुण्याच्या डॉक्टरानं सांगितलंय, म्या न्हाय केलं. तुमच्या लेकापुढं सांगितलंय. विचारा त्याला. शिवपुत्र, सांग. तुझ्या पोरीवर हात ठेवून सांग, डॉक्टर काय म्हणले."

दाजीनं बापाकडं बघितलं. मग पिऊच्या डोक्याकडं बघितलं, त्या वणाकडं.

"पोटातनंच होतं ते," म्हणला. "कुणाच्या हातानं न्हाय."

"शिवपुत्रा!" महांतप्पा ओरडला.

"आणि घरात कुणाचं कपाळ असं हाय का म्हणून बी विचारलं होतं," म्या म्हणलं. "सांगा की दाजी, आता तरी सांगा. का मी सांगू? इथं सगळ्यांना डोळे हायत. बघा म्हणावं त्या पायरीवर बसलेल्या माणसाकडं."

सगळ्यांनी बघितलं. कसं न्हाय बघणार? टोपीखाली डाव्या बाजूला चपटं कपाळ आणि त्याखाली चढलेली भुवई. जन्मभर बघत आलेली माणसं, पण त्या दिवशी नीट बघितलं.

महांतप्पा उठून उभा राहिला. "गौरीशंकर, सोयरा म्हणून ऐकून घ्यायलोय. आहेर ठेव, जेव आणि नीघ."

"जेवत न्हाय मी. पिऊला घेऊन सोलापूरला चाललोय, डोळ्याच्या डॉक्टराकडं. तारखा बुडवल्या तुमी. पोरीचा डावा डोळा चाललाय."

"काय चाललाय? डोळा धडधडीत जाग्यावर हाय!"

"बघायचंय? बघा."

म्या पिऊला सगळ्यांकडं तोंड करून बसवलं. शिवलीलानं समोर एक बत्तासा धरला. म्या डावा डोळा तळहातानं झाकला. पोरीनं हात पुढं केला, बत्तासा घेतला, तोंडात टाकला. दुसरा बत्तासा धरला. आता म्या उजवा डोळा झाकला. पोरगी दचकली. माझा हात ओढायला लागली. बत्तासा नाकापुढं होता, ती भलतीकडंच हात फिरवत होती, आणि मग जी किंचाळली! "आई! आई!" आई हातभर अंतरावर उभी होती. शिवलीलाच्या डोळ्यांतनं पाणी वाहायला लागलं. म्या हात काढला. पोर गप्प झाली आणि बत्तासा घेतला.

भावकीत कुजबुज सुरू झाली. महांतप्पाला ती सहन झाली न्हाय.

"नाटकं हायत ही!" तो म्हणला. "लेकराच्या डोळ्यावर दणकट हात ठेवल्यावर ते घाबरणारच. आणि एक डोळा झाकला की कमी दिसणारच, त्यात काय डॉक्टर लागतो? हे बघा, मी झाकतो माझा." आणि त्यानं आपला उजवा डोळा तळहातानं झाकला. "हे बघा. सगळ्यांनाच असंच..."

तो बोलायचा थांबला.

हात तसाच डोळ्यावर. मान जराशी इकडं वळवली, जराशी तिकडं. हात काढला, आमच्याकडं बघितलं, परत झाकला. काकू म्हणली, "अवो, काय झालं?" 

"बिभीषण," तो म्हणला, "कुठं हायस तू?"

"हितं की शेठ. तुमच्या म्होरंच."

"हातात काय धरलंस?"

बिभीषणनं वस्तरा वर धरला होता. "सांगू का शेठ?"

"सांगू नको." तो बघत राहिला. बघत म्हणजे तोंड त्या बाजूला करून. "पांढरं हाय काहीतरी. हलतंय." मग त्यानं हात खाली घेतला, पायरीवर बसला. बराच वेळ मांडीवरचा हातच बघत होता. सगळं आयुष्य ह्या माणसानं एका डोळ्यावर काढलं, त्याच्यावर माल पारखला, मोटारसायकल चालवली, लोकांना तोललं, आणि त्याला वाटायचं सगळ्यांनाच दुसरा डोळा असा असतो. झाकून बघायची वेळच आली न्हाय कधी.

मग तो माझ्याकडं न बघता म्हणला, "गाडी काढ."

काकू म्हणली, "आणि पंगत?"

"पंगत जेवंल तिची ती. गाडी काढ म्हणलं ना!"

पुढं तो बसला. मागं शिवलीला, पिऊ, माय आणि दाजी. बेंबळी सुटल्यापासनं महांतप्पा मधनंच उजवा डोळा झाकायचा, रस्त्याकडं बघायचा, हात काढायचा. मला एकदा वाटलं म्हणावं, आता भाव कसा ठरवणार शेठ? तोंडापर्यंत आलं होतं. मागनं मायनं माझ्या खांद्याला बोट टोचलं, तिला कसं कळलं कुणास ठाऊक.

सोलापूरच्या डॉक्टरीणबाईनं पिऊच्या डोळ्यात थेंब टाकले, बराच वेळ तपासलं. आधी डोक्याचं सांगितलं. आत दाब न्हाय, ऑपरेशन झकास झालंय, कुणी केलंय त्याला नमस्कार सांगा. मग डोळ्याचं. डावा डोळा लई मागं पडलाय. उशीर केलात, हे तिनं दोनदा म्हणलं आणि दोन्ही वेळा शिवलीलाकडं बघून म्हणलं, म्हणून म्या सांगितलं, बाई, तिच्याकडं न्हाय, ह्यांच्याकडं बघून म्हणा. चष्मा लागेल. चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, म्हणजे आळशी डोळ्याला काम करावं लागतं. महिनोन् महिने. पोर रडेल, पट्टी ओढेल, तरी काढायची न्हाय. "वय लहान आहे, डोळा येईल," ती म्हणली. "किती येईल ते तुमच्यावर आहे."

महांतप्पा म्हणला, "माझा डावा बघा."

तिनं त्याला मशीनपुढं बसवलं. बघितलं. "लहानपणापासनंचं आहे, आजोबा. कुणी दाखवलं नाही का तुम्हाला?"

"न्हाय."

"आता करण्यासारखं काही नाही याला."

"पट्टी बांधली तर?"

"नाही हो. वय गेलं."

खरं सांगतो, मला बरं वाटलं. लई दिवसांनी बरं वाटलं. माझ्या मायला जे भोगायला लावलं त्याची काहीतरी भरपाई झाली असं वाटलं. मग तो खुर्चीवरनं उठताना चाचपडला आणि दाजीनं त्याचा हात धरला, तेव्हा ते बरं वाटणं कमी झालं. सगळं गेलं न्हाय, पण कमी झालं.

बाहेर आलो. पिऊच्या उजव्या डोळ्यावर पट्टी. ती जीव तोडून रडत होती, हात पुढं करून सगळ्यांची तोंडं चाचपत होती. शिवलीलानं तिचे हात धरून ठेवले होते आणि स्वतः बी रडत होती. काकूचा फोन आला. महांतप्पानं उचलला आणि रस्त्यावर ओरडला, "पट्टी बांधलीय पोरीला. रडंल ती, रडू दे. घरात कुणी ती पट्टी काढली, तर त्याला म्या घराबाहेर काढला समज. तुला बी सांगतोय."

फोन ठेवला. मग तो मायपुढं येऊन उभा राहिला. मी मधी सरकलो, म्हणलं आता काय बोलतो हा.

"बाई," तो म्हणला, "माझं कपाळ बी जन्मताच असं होतं. पोरं हसायची. माझी आज्जी माझ्या आयला म्हणायची, तूच चोळून चोळून वाकडं केलंस. ती मरेपर्यंत सगळे तिला तेच म्हणायचे. दुकान मोठं झाल्यावर लोक ह्या भुवईला मानायला लागले, पण आयला कुणी सोडलं न्हाय." त्यानं भुवईवरनं बोट फिरवलं. "मी बी म्हणायचो तिला. रागात असलो की म्हणायचो, तूच केलंस."

मायनं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं आता ही विरघळणार, जाऊ द्या म्हणणार. तिचा स्वभावच तसा हाय.

ती म्हणली, "हे मला इथं रस्त्यावर सांगून काय उपयोग? मला तुमच्या बाईनं सगळ्या भावकीपुढं म्हणलंय."

महांतप्पानं मान हलवली. टोपी काढली, परत घातली, आणि गाडीत पुढं जाऊन बसला.

"गौरीशंकर, जोरात घे," म्हणला. "भावकी मुक्कामाला हाय. सगळ्यांपुढं सांगतो."

म्या चावी मारली.

"आणि तू आत यायचं न्हाय," तो म्हणला. "गाडीतच बसायचं. तुझं तोंड मला परत बघायचं न्हाय."

"मला तरी कुठं बघायचंय तुमचं," म्हणलं आणि गाडी वळवली.